नोंदवही कोणाच्या हाती?

१८६८ साली हिंदुस्थान सरकारने त्या वर्षाचा चौदावा कायदा संमत केला. सांसर्गिक रोगांना आळा घालणे हा त्याचा जाहीर हेतू होता. कलकत्ता शहरात त्याचा अंमल १८६९ मध्ये सुरू झाला. शरीरविक्रय करून पोट भरणाऱ्या स्त्रियांनी आपले नाव पोलिसांच्या नोंदवहीत लिहवून घ्यावे, नोंदीचा दाखला जवळ बाळगावा, ठरलेल्या दिवशी सरकारी डॉक्टरांपुढे तपासणीस उभे राहावे आणि रोग आढळल्यास बरे होईपर्यंत खास रुग्णालयात अडकून पडावे, अशी बंधने त्या कायद्याने घातली. चुकल्यास दंड अथवा कैद ठरलेली होती. गोऱ्या सैनिकांचे आरोग्य ही या साऱ्यामागील खरी काळजी होती. स्त्रियांच्या आरोग्याचा विचार त्यात ओघाने आला तर आला. बंगाली लोकांनी या कायद्याला 'चौद्द आईन', म्हणजे चौदाचा कायदा, असे सुटसुटीत नाव देऊन टाकले.

पुढे जे घडले ते शासनाला अपेक्षित नव्हते. अनेक स्त्रियांनी नाव नोंदवणे टाळले. कित्येकींनी आपली वस्ती सोडली आणि हुगळी नदीच्या काठाने वर चंद्रनगरास मुक्काम हलवला, कारण चंद्रनगर फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि कलकत्त्याच्या पोलिसांचा हात तेथपर्यंत पोहोचत नव्हता. नोंदवही होती, लेखनिक होते, शिक्के होते; पण जिची नोंद करायची ती स्त्रीच नोंदवहीपासून पळत होती. अशा वहीतील आकड्यांवरून रोगाचा अंदाज बांधणे म्हणजे घर सोडून गेलेल्यांची शिरगणती करण्यासारखे होते. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला.

स्वयंसेवी संस्थांनी माणसामाणसांतील संबंधांचे जाळे, आकडेवारी आणि तंत्रसाधने यांचा उपयोग कसा करावा, या विषयावरील व्याख्यानाचा आरंभ दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जुलमी कायद्याने व्हावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु त्याच शहरात, जवळजवळ त्याच गल्ल्यांमध्ये, सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा एकदा नोंदवही उघडण्यात आली, आणि या वेळी स्त्रिया पळाल्या नाहीत. पुढे पुढे तर ती वही त्यांनी आपल्याच हाती घेतली. हा फरक कशामुळे पडला, हे समजून घेतले तर विषयातील बरेचसे कळते. संगणक, दूरध्वनी आणि इतर साधने यांचा विचार त्यानंतर करणेच योग्य होईल.

उत्तर कोलकात्यात चित्तरंजन अॅव्हेन्यू आणि चितपूरचा जुना रस्ता यांच्या दरम्यान सोनागाछी ही वस्ती आहे. सोना गाझी नावाच्या पीराच्या स्थानावरून तिला हे नाव पडले असे सांगतात. दुर्गाचरण मित्र स्ट्रीट, अविनाश कविराज स्ट्रीट अशी प्रतिष्ठित गृहस्थांची नावे मिरवणाऱ्या या रस्त्यांवरील जुन्या बहुमजली घरांत हजारो स्त्रिया राहतात व व्यवसाय करतात. त्याच चित्तरंजन अॅव्हेन्यूवर, दक्षिणेकडे थोड्या अंतरावर, १९३२ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था उभी आहे. एकाच रस्त्यावरील या दोन ठिकाणांमध्ये साठ वर्षे म्हणण्यासारखा संबंध नव्हता.

१९८६ मध्ये मद्रास येथे काही स्त्रियांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला आणि हा रोग भारतात पोहोचल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर देशभर ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले, त्यांत अशा वस्त्या अग्रभागी होत्या. १९९२ मध्ये वर उल्लेखिलेल्या संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोनागाछीत पाहणी केली आणि एक प्रकल्प हाती घेतला. त्याची धुरा डॉ. स्मरजित जाना यांच्याकडे आली. डॉ. जाना यांचा मूळ विषय व्यावसायिक आरोग्य हा होता, आणि पुढील सर्व वळणांचे मूळ या एका गोष्टीत सापडते. कारखान्यातील कामगाराला फुप्फुसाचा विकार झाला, तर त्या शास्त्राचा अभ्यासक कामगाराच्या नीतिमत्तेची चौकशी करीत नाही. कामाची जागा, कामाचे तास, धूळ आणि मालकाची वागणूक तो पाहतो. हीच दृष्टी सोनागाछीला लावण्यात आली. एचआयव्ही हा या व्यवसायातील धोका मानला गेला. आणि धोका कोठे आहे हे तेथे काम करणारालाच प्रथम ठाऊक असते.

पाहणीतून निघालेले चित्र काळजी वाढवणारे होते. निरोधाचा नियमित वापर करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. विषाणूची लागण मात्र अद्याप शेकडा एकच्या जवळपास होती. म्हणजे वेळ अगदीच गेलेली नव्हती. तथापि या दोन आकड्यांपेक्षाही मोलाची ठरली ती संभाषणे. ज्या रोगासाठी सारी यंत्रणा हलली होती, तो रोग स्त्रियांच्या चिंतांच्या यादीत बराच खाली होता. पोलिसांचे छापे, गुंडांची वसुली, सावकाराचे कर्ज, मुलांना शाळेत प्रवेश न मिळणे या गोष्टी त्यांना रोज छळत होत्या. काही वर्षांनंतर मारणारा विषाणू आणि आज संध्याकाळी दारात उभा राहणारा सावकार, यांपैकी कोणाची धास्ती अधिक, हे सांगण्यास आकडेशास्त्राची गरज नाही.

माहिती गोळा करणाऱ्या पुष्कळ संस्था या ठिकाणी एक चूक करतात. आपल्या प्रश्नावलीतील रकाने भरले की पाहणी संपली, असे त्या मानतात. रकान्याबाहेर सांगितले गेलेले कागदावर येतच नाही. सोनागाछीत रकान्याबाहेरचे ऐकून घेतले गेले आणि प्रकल्पाची दिशा त्यावरून बदलली. आदर, विश्वास आणि मान्यता ही तीन सूत्रे तेथे ठरली: या स्त्रियांशी आदराने वागणे, त्यांचे काम त्यांना कळते असा विश्वास बाळगणे आणि त्यांच्या व्यवसायाला व हक्कांना मान्यता देणे. कागदावर ही सूत्रे साधीच दिसतात. ज्या काळी आरोग्यखात्याचा कर्मचारी अशा वस्तीत पाऊल टाकण्यासही कचरत असे, त्या काळी ती साधी नव्हती.

मग आरोग्यशिक्षणाचे काम कोणी करायचे, असा प्रश्न आला. बाहेरच्या पदवीधर कार्यकर्त्यांऐवजी वस्तीतील स्त्रियांनाच निवडून शिकवण्यात आले. त्यांना हिरवा कोट, ओळखपत्र आणि चित्रांचे तक्ते देण्यात आले. धंद्याची वेळ सुरू होण्याआधी, सकाळी, त्या गटागटाने घरोघर जात. कालपर्यंत ज्या स्त्रीला नाव विचारण्याची कोणी तसदी घेत नव्हते, ती आज हिरवा कोट घालून जिन्यावरून वर येते आणि तिला बसायला पाट मिळतो, यातील बदल मोजण्याचे माप कोणत्याही अहवालात नसते. नोंद ठेवायची तर अक्षर यायला हवे, म्हणून या कार्यकर्त्यांनी स्वतःच लिहावाचायला शिकवण्याची मागणी केली, आणि साक्षरतेचे वर्ग सुरू झाले.

या ठिकाणी 'जाळे' या शब्दाचा नेमका अर्थ पाहणे जरूर आहे. संस्थांच्या व्यवहारात हा शब्द हल्ली सढळ हाताने वापरला जातो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की, एकाने सांगितलेली गोष्ट अनेकांना कळावी. सोनागाछीत एवढ्याने काम भागले नसते. निरोध वापरल्यास रोग टळतो, ही माहिती एका स्त्रीला पटली तरी ती काय करू शकत होती? तिने गिऱ्हाइकास अट घातली, तर ते शेजारच्या दारात जाई आणि त्या दिवशी तिची चूल पेटत नसे. व्यवसायाची घडीही तिच्या हाती नव्हती. काही स्त्रिया 'अधिया' पद्धतीने, म्हणजे आपल्याकडे शेत अर्धेलीने लावतात त्याप्रमाणे, निम्मी मिळकत घरमालकिणीला देऊन राहत. काही तर कर्जापोटी बांधल्या गेलेल्या असत. म्हणून अट घालायची तर घरातील सर्वांनी घातली पाहिजे, आणि घराने घालायची तर गल्लीने घातली पाहिजे. रोग टाळणे हा एकटीचा निर्णय होऊच शकत नव्हता. कार्यकर्त्यांचे जाळे या एकत्र निर्णयासाठी विणले गेले. निरोप पोहोचवणे हा त्याचा केवळ एक भाग होता.

त्या जाळ्यात सोयीची माणसे तेवढीच नव्हती. ज्यांना तेथे 'मासी' म्हणतात त्या घरमालकिणी, दलाल, पाड्यातील तरुणांचे क्लब, कायमचे येणारे 'बाबू', या सर्वांशी बोलावे लागले. घरमालकिणीला माणुसकीची हाक देऊन थोडे साधले असते. आजारी स्त्री कमाई करू शकत नाही, हे तिला लगेच समजले. कोलकात्यात पाड्यातील क्लब ही मोठी शक्ती असते. दुर्गापूजेची वर्गणी त्यांच्यामार्फत गोळा होते, भांडणे तेथे मिटतात, निवडणुकीतील माणसे तेथून निघतात. त्यांना वगळून त्या शहरात वस्तीचे कोणतेही काम उभे राहिलेले विरळाच. पोटात शोषण असलेल्या व्यवस्थेशी असा व्यवहार करणे योग्य होते काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

१९९५ मध्ये या स्त्रियांनी स्वतःची संघटना स्थापली. तिचे नाव 'दुर्बार महिला समन्वय समिती'. बंगालीत 'व'चा उच्चार 'ब' होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे नावातील राजदरबाराचा भास नाहीसा होतो. तो आपल्या ओळखीचाच 'दुर्वार' शब्द आहे, ज्याला अडवता येत नाही असा. १९९७च्या नोव्हेंबरात या संघटनेने कोलकात्यातील सॉल्ट लेकच्या क्रीडांगणावर देशातील यौनकर्मींची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. आणि १९९९ मध्ये सरकारी संस्थेच्या हातातील आरोग्यप्रकल्पच तिने चालवायला घेतला. नोंदवही त्या दिवशी खऱ्या अर्थाने वस्तीत आली. जिची नोंद होत होती, तिच्याच संघटनेकडे नोंद ठेवण्याचे काम आले.

तंत्रसाधनांविषयी बोलताना यंत्रांचीच नावे घेण्याची रीत पडली आहे. सोनागाछीत सर्वांत परिणामकारक ठरलेले साधन कदाचित बँकेचे पासबुक होते. या स्त्रियांजवळ ना राहण्याचा पुरावा, ना नवऱ्याचे नाव, ना साक्षीदार. त्यामुळे बँकेत खाते उघडत नसे. रोजची कमाई उशाखाली ठेवावी तर चोरीची भीती आणि सावकाराकडे ठेवावी तर ती परत मिळण्याची शाश्वती नाही. कर्जाचे तर विचारूच नये. मुद्दल फिटण्याआधी व्याजच मुद्दलाच्या पुढे धावे. १९९५ मध्ये त्यांनी सहकारी संस्था नोंदवण्याचा अर्ज केला, तेव्हा कायद्यातील चांगल्या चारित्र्याची अट आडवी आली. अर्जात 'गृहिणी' असे लिहावे म्हणजे काम होईल, असा सल्ला त्यांना मिळाला. तो त्यांनी नाकारला. आपल्या धंद्याचे नाव लपवून मिळणारे खाते नको, असे त्यांचे म्हणणे होते. वाद शासनापर्यंत गेला, अट आड येईनाशी झाली आणि त्याच वर्षी 'उषा' ही सहकारी संस्था नोंदवली गेली. दारोदार जाऊन रोजच्या रोज लहान रकमा गोळा करणे, गरजेला बेताच्या व्याजाने कर्ज देणे आणि निरोधाची विक्री करणे, हे तिचे व्यवहार.

पासबुकाचा आणि रोगाचा संबंध काय, असे कोणी विचारील. ज्या स्त्रीच्या खात्यावर आठवड्याच्या जेवणाची सोय आहे, ती एखादे गिऱ्हाईक परत पाठवू शकते. उद्याच्या हप्त्याची तलवार ज्या स्त्रीच्या डोक्यावर आहे, तिला ते शक्य होत नाही. आरोग्यखात्याच्या कोणत्याही प्रश्नावलीत 'बचत' हा रकाना नव्हता. पण निरोध वापरण्याचे धैर्य पुष्कळ अंशी त्या रकान्यातून आले.

परिणामांचे आकडे पाहू गेल्यास, १९९०चे दशक संपेपर्यंत नियमित निरोध वापरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ऐंशीच्या वर गेल्याचे पाहण्यांत आढळले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये त्याच दशकात लागणीचे प्रमाण शेकडा पन्नासच्याही पुढे गेले असताना सोनागाछीत ते शेकडा दहाच्या आसपास अथवा त्याखाली राहिले. हे यश मोठे आहे यात शंका नाही. तरीही सावध वाचकाने दोन प्रश्न विचारावेत. पहिला असा की, 'वापरता काय?' या प्रश्नाला दिलेले उत्तर हे केवळ उत्तर असते. हिरवा कोट घातलेल्या मैत्रिणीला 'नाही' म्हणणे जड जाते. म्हणून तोंडी उत्तरांना रक्ततपासणीतील रोगाच्या प्रमाणाची जोड द्यावी लागते. दुसरा प्रश्न असा की, निरोधाचा हा प्रसार या कामामुळेच झाला, की त्या काळी सर्वत्र होत असलेल्या प्रचारामुळे? सोनागाछी एकच आहे. तिची तुलना तिच्याशीच कशी करणार?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला आहे. उत्तर बंगालमधील कूचबिहार आणि दिनहाटा या दोन लहान शहरांत प्रत्येकी शंभर स्त्रियांची निवड करण्यात आली. एका ठिकाणी सोनागाछीच्या धर्तीवर संघटन, साक्षरता, बचत असे सर्व काम झाले. दुसऱ्या ठिकाणी दवाखाना, निरोध आणि नेहमीचे आरोग्यशिक्षण एवढेच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या ठिकाणी निरोधाचा वापर शेकडा ३९ने, तर दुसऱ्या ठिकाणी शेकडा ११ने वाढल्याचे दिसून आले. केवळ दोन शहरांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण दवाखाना आणि निरोध दोन्हीकडे होते, आणि तरीही फरक पडला, एवढे त्यातून निश्चित दिसते.

यंत्राचा उपयोग आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर दुर्बारच्या स्वयंनियमन मंडळांकडे पाहावे. १९९७ पासून सोनागाछीत ही मंडळे स्थापन झाली. वस्तीत नवी मुलगी आली की मंडळ तिला भेटते आणि दोन गोष्टींची खातरजमा करते: ती सज्ञान आहे काय, आणि ती स्वतःच्या इच्छेने आली आहे काय. मंडळात वस्तीतील स्त्रियांचे बहुमत असते. बाहेरचे डॉक्टर, वकील, लोकप्रतिनिधी असेही सभासद असतात. वयाचा कागद क्वचितच सापडतो, म्हणून क्ष-किरणाने हाडांची वाढ पाहिली जाते. परंतु हाडे जन्मतारीख सांगत नाहीत. अशा तपासणीतील अंदाज दोन्ही बाजूंना दोन वर्षांनी चुकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नमूद केलेले आहे. सतराव्या वर्षाची मुलगी चित्रात एकोणिसाव्या वर्षाची दिसू शकते. तेव्हा चित्र हाती घेऊनही मुलीशी बोलावे लागते. तिच्या गावाचे नाव, धाकट्या भावंडांची वये, शाळा सोडल्याचे साल यांवरून हिशेब मांडावा लागतो. 'स्वतःच्या इच्छेने' या शब्दांचा तपास तर कोणतेही यंत्र करू शकत नाही. ज्या व्यवसायात ही मंडळे उभी आहेत, त्याच व्यवसायाचे लोक या प्रश्नाचा निर्णय निःपक्षपातीपणे करतील काय, अशी शंका टीकाकार घेतात. मंडळाचे म्हणणे असे की, पोलिसांच्या आधी त्या मुलीपर्यंत पोहोचतो तो शेजारच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि वाद मिटलेला नाही.

महाराष्ट्रात या कामाचे भावंड सांगलीस वाढले. तेथे 'संग्राम' संस्थेचे काम १९९२ मध्ये सुरू झाले आणि त्यातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. कोलकात्याने 'यौनकर्मी' हा नवा शब्द घडवला. सांगलीच्या स्त्रियांनी जुनाच शब्द उचलून ताठ मानेने वापरला. २००३ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत 'आवाहन' हा मोठा कार्यक्रम चालला, तेव्हा निरक्षर कार्यकर्त्यांसाठी चित्रांच्या नोंदी तयार करण्यात आल्या. त्यामुळे कोणाकडे या आठवड्यात जायचे, कोणाला दवाखान्याची गरज आहे, हे ती कार्यकर्ती वरिष्ठांना न विचारता स्वतःच ठरवू शकली. आकडा खालून वर अहवालात जाण्याआधी जिने तो गोळा केला तिच्या उपयोगी पडला.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि वस्त्यांमधील कमाई एका दिवसात थांबली. दुर्बारने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यासाठी निराळा खटला उभारावा लागला नाही. कोलकात्यातील एका स्त्रीच्या १९९९ मधील हत्येतून निघालेले 'बुद्धदेव कर्मासकर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य' हे प्रकरण पुनर्वसनाच्या प्रश्नासाठी न्यायालयाने २०११ पासून खुले ठेवलेले होते, आणि त्यासाठी नेमलेल्या समितीत दुर्बार व उषा या दोन्ही संस्थांना स्थान होते. अर्जात महाराष्ट्रासह पाच राज्यांतील सुमारे एक लाख वीस हजार स्त्रियांच्या पाहणीचा हवाला होता. शेकडा ९६ स्त्रियांचे उत्पन्न बुडाल्याचे तीत आढळले होते. २९ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने आदेश दिला की, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ओळख पटवलेल्या स्त्रियांना ओळखीचा पुरावा न मागता राज्यांनी कोरडा शिधा द्यावा. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी दरमहा ५,००० रुपये, आणि शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी २,५०० रुपये, असे साहाय्य मंजूर केले.

शिधा कोणत्या यादीवरून वाटायचा? देशात अशी यादी एकच होती, आणि ती रोगनियंत्रणाच्या कामातून, घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वह्यांतून तयार झालेली होती. रोगासाठी केलेली नोंद भुकेच्या वेळी कामास आली. परंतु १८६९च्या कलकत्त्याची आठवण ठेवणाऱ्याच्या मनात येथे धास्ती उभी राहते. हीच यादी शिधा देणाऱ्या खात्याकडे गेली, तेथून दुकानदाराकडे गेली, दुकानदाराकडून शेजाऱ्यास कळली, तर? गावी मुलाबाळांना 'आई शहरात दवाखान्यात कामाला आहे' असे सांगितलेल्या स्त्रीला शंभर रुपयांच्या तांदळासाठी केवढी किंमत मोजावी लागेल? एचआयव्हीसंबंधीच्या २०१७च्या कायद्याने अशा माहितीच्या गुप्ततेची जबाबदारी संस्थांवर टाकली होती. ती जबाबदारी आता रोगाच्या बाहेरही सांभाळावी लागणार होती.

हा पेच आधारपत्राच्या वेळी पुन्हा पुढे आला. राहण्याचा पुरावा नसल्यामुळे कित्येकींना आधार मिळत नव्हते. १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने असे ठरवले की, एड्स नियंत्रण संघटनेच्या राजपत्रित अधिकाऱ्याने किंवा राज्य संस्थेच्या प्रकल्प संचालकाने दिलेला दाखला पुरेसा मानून त्यांना आधार द्यावे. आणि त्याच आदेशात आणखी एक वाक्य घातले गेले: या प्रक्रियेत गुप्ततेचा भंग होऊ नये, आणि नोंदणीच्या क्रमांकात असा कोणताही संकेत असू नये की ज्यावरून ती स्त्री कोणता व्यवसाय करते हे ओळखता येईल. संगणकाच्या कामाशी परिचय असणाऱ्यास या वाक्याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. एका गटाच्या सर्व अर्जांना एकच खुणेचा अंक लावणे ही कारकुनी सोय असते; मोजणी सोपी होते, अहवाल लवकर निघतो. अशा सोयीपोटी हजारो स्त्रियांच्या ओळखपत्रावर कायमचा डाग उमटू शकला असता. डॉ. जाना हा आदेश पाहण्यास राहिले नाहीत. ८ मे २०२१ रोजी कोविडने त्यांचे निधन झाले होते.

अलीकडच्या वर्षांत व्यवसाय स्वतःच गल्लीबाहेर पडू लागला आहे. गिऱ्हाईक दूरध्वनीवरून ठरते, भेट भाड्याच्या खोलीत होते, आणि हिरवा कोट घालून सकाळी जिने चढणाऱ्या कार्यकर्तीला ती स्त्री दिसतच नाही. तिला गाठायचे तर दूरध्वनीवरूनच गाठावे लागेल, असे म्हणून अनेक संस्था संदेश पाठवू लागल्या आहेत, गट तयार करू लागल्या आहेत. त्यात अडचण अशी की, व्हॉट्सअॅपच्या गटात घातलेला क्रमांक गटातील प्रत्येकास दिसतो. आणि बऱ्याच घरांत दूरध्वनी एक असतो, वापरणारे चार. दवाखान्याच्या तारखेची आठवण देणारा निरुपद्रवी संदेश कोणाच्या हाती पडेल ते पाठवणाऱ्यास ठाऊक नसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण घरातल्या घरात उघडल्या गेलेल्या संदेशावर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून अशा कामात दोन प्रश्न आरंभीच विचारून घ्यावे लागतात: कोणत्या वेळी फोन करायचा, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर कोणाचे नाव सांगायचे. ही दोन्ही उत्तरे प्रत्येक स्त्रीगणिक निराळी असतात, आणि ती तिच्याकडूनच घ्यावी लागतात.